गुदाशयाचा कॅन्सर ‘शंभर टक्के बरा’: ही बातमी तुमच्या रिपोर्टला लागू होते का?

“डॉक्टर, हे औषध आमच्या पेशंटला चालेल का?” असे विचारत नातेवाईक मोबाइल पुढे करतात. स्क्रीनवर फॉरवर्ड होऊन आलेली बातमी असते. अमेरिकेत एका औषधाने सगळ्या रुग्णांचा कॅन्सर नाहीसा झाला, ऑपरेशन नाही, रेडिएशन नाही, केमो नाही. २०२२ च्या जूनपासून ही बातमी फिरते आहे आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये नवे आकडे आल्यावर ती पुन्हा जोरात फिरली. बातमी खरी आहे, हे आधी सांगतो. पण ती कोणाला लागू होते, हा मुद्दा फॉरवर्डमध्ये हमखास गळलेला असतो. त्याचे उत्तर मिळते तुमच्या बायोप्सीच्या एका तपासणीतून. ही तपासणी त्या औषधाच्या मानाने फारच स्वस्त आहे, आणि तरीही कित्येक फायलींमध्ये ती दिसत नाही.

बातमीत नेमके काय आहे?

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर संस्थेत डॉ. अँड्रिया सेर्सेक आणि डॉ. लुईस डियाझ यांच्या गटाने हा अभ्यास सुरू केला. गुदाशय म्हणजे रेक्टम, मोठ्या आतड्याचा शेवटचा वीतभर भाग. तिथला कॅन्सर आजूबाजूला वाढलेला असेल तर एरवी केमोथेरपी, रेडिएशन आणि मग ऑपरेशन असा क्रम असतो. त्यातून अनेक रुग्ण बरे होतात, पण त्याची किंमत मोठी असते. काहींना पोटावर कायमची पिशवी लावावी लागते, लघवीवरचा ताबा आणि लैंगिक संबंध यांवर परिणाम होतो. तरुण स्त्रीला रेडिएशननंतर मूल होण्याची शक्यता बहुधा संपते. या अभ्यासात त्याऐवजी डोस्टारलिमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध दर तीन आठवड्यांनी, असे सहा महिने सलाइनमधून दिले. २०२२ मध्ये उपचार पूर्ण झालेल्या १२ पैकी १२ रुग्णांमध्ये गाठ दिसेनाशी झाली. २०२५ मध्ये हा आकडा ४९ पैकी ४९ झाला. त्याच अभ्यासात जठर, मोठे आतडे वगैरे इतर अवयवांचे ५४ रुग्ण होते. त्यांपैकी ३५ जणांमध्ये गाठ पूर्ण दिसेनाशी झाली. म्हणजे तिथे शंभर टक्के नाही, साधारण दोनतृतीयांश.

आता गळलेला मुद्दा. हे सगळेच्या सगळे रुग्ण निवडलेले होते. त्यांच्या गाठींमध्ये एक विशिष्ट बिघाड होता, जो गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये १०० पैकी ५ ते १० जणांत आढळतो. उरलेल्या ९० हून अधिक रुग्णांना हे औषध एकटे देऊन असा फायदा होत नाही. हा बिघाड कोणता आणि त्यामुळेच औषध का लागू पडते, हे समजून घ्यायला पेशी आपल्या डीएनएची नक्कल कशी करते ते पाहावे लागेल.

पेशी नक्कल करते तेव्हा

आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएच्या रूपाने सुमारे ६०० कोटी अक्षरे आहेत. निम्मी आईकडून आली, निम्मी वडिलांकडून. अक्षरे चारच: ए, टी, जी आणि सी. डीएनएचे दोन धागे एकमेकांसमोर असतात आणि त्यांच्या जोड्या ठरलेल्या आहेत. ए समोर टी, जी समोर सी. पेशीचे दोन पेशींत विभाजन होण्याआधी हा सगळा मजकूर जसाच्या तसा दुसऱ्यांदा लिहावा लागतो. त्यासाठी दोन धागे चेनसारखे उघडतात आणि प्रत्येक जुन्या धाग्यासमोर जोडीची अक्षरे मांडून नवा धागा तयार होतो. हे काम पॉलिमरेज नावाची प्रथिने करतात. माणसाच्या पेशीत त्यांचा वेग सेकंदाला साधारण ५० अक्षरांचा असतो. हे काम एका टोकापासून सुरू केले असते तर एका गुणसूत्रालाच आठवडे लागले असते. म्हणून ते हजारो ठिकाणी एकाच वेळी सुरू होते आणि सुमारे आठ तासांत आटोपते.

इतक्या घाईच्या लिखाणात चुका होणारच. पॉलिमरेज साधारण लाख अक्षरांमागे एक अक्षर चुकीचे बसवते. ६०० कोटी अक्षरांना हा हिशेब लावला तर एका नकलेत ६० हजार चुका होतात. पण त्याच्यातच एक सोय आहे. आत्ताच बसवलेले अक्षर नीट बसले नाही असे जाणवले की ते मागे सरकते, अक्षर काढते आणि योग्य अक्षर लावते. त्यामुळे चुका शंभर पटींनी कमी होतात. तरीही काही शे चुका राहतातच.

त्यांच्यासाठी दुसरी फळी असते. जुन्या छापखान्यात खिळे जुळवणारा वेगळा आणि मुद्रिते तपासणारा वेगळा असे, तसेच हे. नवा धागा तयार झाला की प्रथिनांची एक टोळी त्यावरून फिरते, विजोड जोडी सापडली की नव्या धाग्याचा तेवढा तुकडा कापून टाकते आणि तो पुन्हा लिहवून घेते. या व्यवस्थेचे नाव मिसमॅच रिपेअर, थोडक्यात एमएमआर. नवा धागा कोणता हे ओळखणे महत्त्वाचे, नाहीतर मूळ मजकूरच ‘दुरुस्त’ व्हायचा. माणसाच्या पेशीत नव्या धाग्यातले सांधे काही काळ जोडायचे राहिलेले असतात, त्यावरून तो ओळखू येतो. या टोळीच्या कामानंतर ६०० कोटींत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच चुका उरतात. जीवाणूंमधली ही यंत्रणा उलगडणारे पॉल मॉड्रिक यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. (जीवाणूंच्या डीएनएवर वर्षानुवर्षे चाललेले हे काम कोणत्या आजाराला उपयोगी पडेल, हे तेव्हा कोणी सांगू शकले नसते.)

तुमच्या रिपोर्टवर दिसणारी चार नावे या टोळीतलीच आहेत: एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२.

टोळीच गैरहजर असेल तर?

एखाद्या पेशीत यांपैकी एक प्रथिन तयारच होईनासे झाले, तर नक्कल पूर्वीसारखीच होत राहते, फक्त तपासणारा कोणी नसतो. चुका साचू लागतात. सगळ्यात जास्त चुका होतात त्या एकच अक्षर ओळीने अनेकदा येते तिथे. एकाखाली एक दहा सारख्या संख्या उतरवताना नऊ लिहिल्या की अकरा, हा गोंधळ आपलाही होतो. पॉलिमरेजही अशा जागी घसरते आणि एखादे अक्षर गाळते किंवा जास्तीचे घालते. अशा जागांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. रिपोर्टमध्ये ‘एमएसआय-हाय’ लिहिलेले असते, त्याचा अर्थ या जागांची लांबी गाठीत अस्थिर झाली आहे. डीएमएमआर आणि एमएसआय-हाय हे शब्द जवळजवळ एकाच बिघाडाची दोन नावे आहेत. एक प्रथिने पाहून ठरते, दुसरे डीएनए पाहून.

एक अक्षर गळल्याने इतके काय बिघडते? पेशी डीएनएचा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचते. ‘कमळ बदक गवत सरळ’ यातला फक्त ‘द’ गाळा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरे घ्या. ‘कमळ बकग वतस रळ’ असे वाचले जाते. गळलेल्या जागेपासून पुढचे सगळेच बिनसले. असा मजकूर वाचून पेशी जी प्रथिने बनवते ती शरीराने कधीच पाहिलेली नसतात. यातले काही बदल वाढीवरचा लगाम तोडतात आणि कॅन्सर होतो.

पण हीच गोष्ट उलटीही पडते. शरीरातल्या टी पेशी, म्हणजे आपली रोगप्रतिकारक फौज, परक्या प्रथिनांवर तुटून पडायला शिकलेली असते. नेहमीचा कॅन्सर आपल्याच पेशीसारखा दिसतो, म्हणून लपतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जॉन्स हॉपकिन्सच्या अभ्यासात दुरुस्ती चालू असलेल्या गाठींमध्ये सरासरी ७३ बदल आढळले, तर दुरुस्ती बंद पडलेल्या गाठींमध्ये सरासरी १,७८२. इतकी परकी प्रथिने घेऊन लपणे कठीण. म्हणून अशा गाठीभोवती टी पेशींची गर्दी असते, पण गाठीने त्यांचा ब्रेक दाबून धरलेला असतो. तो ब्रेक म्हणजे पीडी-१. डोस्टारलिमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब ही औषधे तो ब्रेक सोडवतात. कॅन्सर मारण्याचे काम औषध करत नाही, रुग्णाच्या स्वतःच्या टी पेशी करतात. गाठ त्यांना ओळखूच येत नसेल तर ब्रेक सोडून उपयोग नाही. ९० हून अधिक रुग्णांना एकटे औषध का लागू पडत नाही, त्याचे उत्तर बऱ्याच अंशी हे आहे.

म्हणूनच मे २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने पेम्ब्रोलिझुमॅबला तोपर्यंत कधी न दिलेली मंजुरी दिली: कॅन्सर कोणत्या अवयवाचा आहे ते न पाहता, नकलेची दुरुस्ती बंद पडलेली आहे का एवढेच पाहून. ही मंजुरी आजार हाताबाहेर पसरलेल्या आणि आधीचे उपचार लागू न पडलेल्या रुग्णांसाठी होती. स्लोन केटरिंगच्या गटाने तेच तत्त्व ऑपरेशनच्या आधी वापरून पाहिले.

उत्साहाला थोडा लगाम

गाठ ‘दिसेनाशी झाली’ आणि ‘कॅन्सर कायमचा गेला’ यांत फरक आहे. या अभ्यासात दुर्बिणीने, एमआरआयने, बायोप्सीने काही सापडले नाही म्हणून ऑपरेशन टाळले. त्यानंतर रुग्णांना ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा तपासत राहावे लागते. अभ्यासातल्या सगळ्या प्रकारच्या रुग्णांत मिळून दोन वर्षांनी ९२ टक्के जणांमध्ये आजार परतलेला नव्हता. आकडा उत्तमच आहे, पण ९२ म्हणजे १०० नव्हे. जिथे नियमित एमआरआय आणि एंडोस्कोपी होऊ शकत नाही, तिथे केवळ बातमी वाचून ऑपरेशन टाळणे मला धोक्याचे वाटते. गावाकडे परत जाऊन दोन वर्षांनी येणारा रुग्ण आणि दर चार महिन्यांनी येणारा रुग्ण यांच्यासाठी एकच सल्ला देता येत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये एफडीएने गुदाशयाच्या अशा कॅन्सरसाठी डोस्टारलिमॅबला ‘ब्रेकथ्रू थेरपी’ हा दर्जा दिला. हा दर्जा औषधाची छाननी लवकर व्हावी म्हणून असतो, ती अंतिम मंजुरी नव्हे. औषधाचे दुष्परिणाम या अभ्यासात बहुतेकांना सौम्य होते. पण सुटलेला ब्रेक स्वतःच्या अवयवांवरही परिणाम करू शकतो: थायरॉइड, आतडी, यकृत, फुप्फुसे. इम्युनोथेरपी चालू असताना जुलाब किंवा दम लागणे याला ‘केमोसारखेच असेल’ म्हणून घरी सोसू नका, त्याच दिवशी कळवा.

आणि खर्च. या गटातली औषधे महाग आहेत, कोर्सचा खर्च लाखांत जातो. घर किंवा शेत विकण्याचा विचार करणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यांना माझे सांगणे एकच असते: आधी एमएमआरचा रिपोर्ट दाखवा. रिपोर्ट अनुकूल नसेल तर ते पैसे या औषधावर घालवू नका. अनुकूल असेल तर कंपन्यांच्या रुग्ण साहाय्य योजना, सुरू असलेले अभ्यास, रुग्णालयाचा समाजसेवा विभाग, सगळीकडे विचारण्यासारखे आहे.

रिपोर्ट वाचताना होणारा घोटाळा

एमएमआरची तपासणी बायोप्सीच्याच तुकड्यावर होते. पुन्हा सुई नाही, पुन्हा दुर्बीण नाही. पॅथॉलॉजिस्ट त्या चार प्रथिनांसाठी काचेवर रंग देऊन पाहतात, याला आयएचसी म्हणतात. रिपोर्टवर चारही नावांपुढे ‘इंटॅक्ट’ किंवा ‘रिटेन्ड’ लिहिले असेल तर दुरुस्ती चालू आहे, म्हणजे गाठ पीएमएमआर. एखाद्या नावापुढे ‘लॉस’ लिहिले असेल तर बंद आहे, म्हणजे डीएमएमआर.

इथे नातेवाईक उलटे समजतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. ‘इंटॅक्ट’ वाचून हायसे वाटते, ‘लॉस’ वाचून धक्का बसतो. पण इम्युनोथेरपीच्या दृष्टीने ‘लॉस’ हीच दार उघडणारी नोंद आहे. ‘इंटॅक्ट’ आले तरी निराश होण्याचे कारण नाही. केमो, रेडिएशन आणि ऑपरेशन हा रस्ता बहुसंख्य रुग्णांचा आहे आणि तो चांगला रस्ता आहे.

ही तपासणी उपचार सुरू होण्यापूर्वी व्हावी. एकतर क्रमच बदलू शकतो. दुसरे म्हणजे केमो-रेडिएशननंतर काढलेल्या गाठीत कधीकधी एमएसएच६ चा रंग फिका पडतो आणि रिपोर्ट फसवा येतो. मोठ्या आतड्याच्या इतर भागातल्या कॅन्सरमध्येही हा रिपोर्ट निर्णय बदलतो. दुसऱ्या टप्प्यातला डीएमएमआर कॅन्सर ऑपरेशननंतर परतण्याची शक्यता मुळात कमी असते आणि त्यात फक्त ५-एफयू किंवा त्याच्या गोळ्या देऊन फायदा होत नाही, म्हणून ते अनेकदा टाळता येते. नेदरलँड्समधल्या निश-२ या अभ्यासात ऑपरेशनच्या आधी जेमतेम महिनाभर इम्युनोथेरपी दिली, तर ६८ टक्के रुग्णांच्या काढलेल्या आतड्यात कॅन्सरची एकही जिवंत पेशी सापडली नाही. इंग्लंडमध्ये २०१७ पासून आतड्याच्या प्रत्येक कॅन्सरवर ही तपासणी करण्याची शिफारस आहे. आपल्याकडे मोठ्या केंद्रांत ती नेहमीची झाली आहे, लहान गावात मात्र बायोप्सीचा रिपोर्ट अनेकदा ‘अडेनोकार्सिनोमा’ या एका शब्दावर संपतो. तेव्हा “एमएमआर झाले आहे का?” हा प्रश्न तुम्हीच विचारा. झाले नसेल तर लॅबमधून बायोप्सीचा मेणातला ब्लॉक मागून घेता येतो आणि दुसऱ्या लॅबला पाठवता येतो. त्या ब्लॉकवर तुमचा हक्क आहे, मागायला संकोच करू नका.

आणि मग घरातल्यांचे काय?

‘लॉस’ आले की अर्धा प्रश्न रुग्णाचा असतो, अर्धा घरातल्यांचा. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बर इथे आल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या पॅथॉलॉजिस्टला त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितले, माझ्या घरात सगळे आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच लवकर जाणार. ती खरेच गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याची वंशावळ १९१३ मध्ये छापली. पुढे हेन्री लिंच यांनी अशा घराण्यांचा पाठपुरावा केला आणि या आजाराला लिंच सिंड्रोम हे नाव पडले. त्या बाईच्या घराण्यातला नेमका दोष २००० साली सापडला: एमएसएच२ मध्ये. तपासणाऱ्या टोळीतला एक माणूस जन्मापासून निम्माच हजर.

निम्मा असे म्हणतो, कारण प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. लिंचमध्ये एक प्रत जन्मतःच सदोष असते, दुसरी काम चालवते. आयुष्यात कधीतरी एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली की त्या पेशीपुरती दुरुस्ती थांबते. आतड्याचे अस्तर दर काही दिवसांनी नवे होते, गर्भाशयाचे दर महिन्याला. म्हणजे नकला तिथे सतत चालू असतात. पालकाकडून मुलाकडे ही सदोष प्रत जाण्याची शक्यता प्रत्येक मुलामागे ५० टक्के असते, मुलगा असो वा मुलगी.

प्रत्येक ‘लॉस’ म्हणजे लिंच नव्हे, हेही तितकेच खरे. आतड्याच्या कॅन्सरमध्ये विशेषतः वयस्क रुग्णांत एमएलएच१ चे जनुक गाठीपुरते बंद पडलेले असते, वारशाशी त्याचा संबंध नसतो. त्यासाठी बीआरएएफ किंवा मेथिलेशनची पुढची तपासणी करतात. रुग्ण पन्नाशीच्या आतला असेल, किंवा एमएसएच२ अथवा एमएसएच६ गेलेले असेल, तर मात्र वारशाचा संशय बळावतो आणि रक्ताची जनुकीय तपासणी करायची असते.

घरातल्या सगळ्यांचे रक्त एकदम द्यायला धावू नका. आधी रुग्णाची तपासणी होते, त्यात नेमका कोणत्या जनुकात कुठे बदल आहे ते कळते. मग भावंडे आणि सज्ञान मुले यांच्यात फक्त तेवढीच जागा तपासतात, ती तपासणी सोपी आणि खूपच स्वस्त पडते. ज्यांच्यात बदल नाही त्यांना आणि त्यांच्या मुलांना या कारणाने जास्तीच्या तपासण्यांची गरज उरत नाही. ज्यांच्यात आहे त्यांना एमएलएच१ किंवा एमएसएच२ असेल तर २० ते २५ व्या वर्षापासून, दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करावी लागते. इतर दोन जनुकांत थोडी उशिरा सुरू केली तरी चालते. कॅन्सर होण्याआधीचा मस्सा तिथेच काढून टाकता येतो. स्त्रियांनी पाळी सोडून मध्येच होणारा किंवा पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव अंगावर काढायचा नाही, लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचे आणि ‘आमच्या घरात लिंच आहे’ हे वाक्य स्वतःहून सांगायचे.

लग्नाच्या मुलीचे नाव यात येऊ नये म्हणून रिपोर्ट कपाटात ठेवणारी घरे आहेत. त्या मुलीला कोलोनोस्कोपी कधी सुरू करायची हे त्या कागदावरूनच ठरणार असते. तिला सांगणे अवघड जात असेल तर तिला सोबत घेऊन जनुकीय समुपदेशकाकडे किंवा तुमच्या कॅन्सर तज्ज्ञांकडे या, बोलण्याचे काम आम्ही करू. येताना रुग्णाचा एमएमआर रिपोर्ट आणि घरात कोणाला, कोणत्या वयात, कोणता कॅन्सर झाला याची आजी-आजोबांपासूनची यादी आणा. आईच्या बाजूची आणि वडिलांच्या बाजूची, दोन्ही.